मेंढपाळ गप्प राहतो तेव्हा
आज तृतीय वर्षाच्या वर्गात सॉफोक्लीझच्या ‘ईडिपस’ या ग्रीक शोकांतिकेचे वाचन करताना कॉरिंथच्या दूताच्या प्रवेशापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पॉलिबस राजा तुझा जन्मदाता नव्हताच, असे सांगून हा दूत, बापाला मारून आईशी लग्न करशील या भाकिताचे ईडिपसच्या मनावरचे ओझे उतरवायला जातो आणि नेमकी त्याच शब्दांनी त्याच्या सर्वनाशाला सुरुवात होते. ॲरिस्टॉटलने स्थितिविपर्यासाचे, म्हणजे परिस्थिती एकाएकी उलटी फिरण्याचे, उदाहरण म्हणून हाच प्रसंग दिला आहे. त्याची पत्नी योकास्टा हिला, आपणच त्याची आई आहोत हे सत्य आधी उमगते आणि पुढे काही विचारू नये म्हणून ती त्याला विनवते; त्याला तान्हेपणी या दूताच्या हाती सोपवणारा म्हातारा मेंढपाळ तर तोंड उघडायलाच तयार नसतो. तरीही ईडिपस विचारत राहतो, कारण हा शोध त्याने आरंभला तो थीब्जमध्ये साथीने मरणाऱ्या प्रजेसाठी. ॲरिस्टॉटलने नायकाच्या पतनाचे कारण म्हणून सांगितलेली ‘हामार्तिया’ म्हणजे स्वभावदोष, असे आपण सरधोपटपणे शिकवतो, ते मला पटत नाही. मूळ ग्रीक शब्दात नेम चुकण्याचा भाव आहे, आणि ईडिपस चुकला तो आपण कोण आहोत हेच ठाऊक नसल्यामुळे. मेंढपाळाची शेवटची उत्तरे वाचणाऱ्या विद्यार्थिनीचा आवाज इतका खाली गेला, की मागच्या बाकांवरची मुले पुढे झुकली. तास संपल्याची घंटा झाली, तरी बराच वेळ कोणी उठले नाही.