आरएच5 आणि प्रॉस: प्रोटीन तापलं तरी उलगडू नये म्हणून

मलेरियाचा जीवघेणा परजीवी, म्हणजे फाल्सिपेरम, तांबड्या पेशीत घुसताना त्याला आरएच5 नावाचं प्रोटीन लागतंच, ते पेशीवरच्या बेसिजिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं आणि ते चिकटणंच अडवलं की परजीवी बाहेर राहतो. म्हणून लसीसाठी हे प्रोटीन एवढं महत्त्वाचं. पण ते बॅक्टेरियात धड बनत नाही, कीटकांच्या पेशीत बनवायचं तर खर्च वाढतो, आणि ही लस जिथं लागणार तिथं फ्रीजचीच मारामार असते.

2017 मध्ये यावर प्रॉस हे प्रोटीन मजबूत करणारं कॉम्प्युटर टूल वापरलं गेलं. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या सारेल फ्लाइशमन यांच्या लॅबचं, 2016 साली आलेलं. मला ते आवडतं कारण अडचण कुठंय ते त्यांनी बरोबर पकडलंय. एका म्युटेशननं, म्हणजे एक अमिनो आम्ल बदलून, प्रोटीन फार तर थोडंसं मजबूत होतं, मग दहा-वीस एकदम टाकावी लागतात, पण त्यातलं एक जरी चुकीचं निघालं तरी बाकीच्यांची कमाई पाण्यात. त्यामुळं खरं काम चांगली म्युटेशन शोधण्याचं कमी आणि वाईट गाळण्याचं जास्त आहे. प्रॉस आधी त्या प्रोटीनच्या भाऊबंदांच्या सीक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम, बघतं, उत्क्रांतीत त्या जागी जे अमिनो आम्ल क्वचितच दिसतं ते बाद, मग उरलेल्यांची ऊर्जा रोझेटा या सॉफ्टवेअरनं मोजायची, आणि दोन्ही चाळण्यांतून जे सुटेल त्याचंच कॉम्बिनेशन करायचं. निकाल बघितला तर आतली पोकळी जरा गच्च भरलेली, ढिला लूप ताठ झालेला, असले बारीक बारीक बदल, एकेकटा बघितला तर काहीच वाटणार नाही. माणसाच्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइममध्ये अशी 51 म्युटेशन एकदम टाकली, तर ते बॅक्टेरियात जवळपास 2000 पट जास्त बनलं, 20 अंश जास्त तापमान सोसलं आणि एन्झाइमचं काम होतं तसंच राहिलं!

आरएच5 पण बॅक्टेरियात बनायला लागलं, 10 ते 15 अंश जास्त टिकलं, आणि बेसिजिनला चिकटणं तसंच राहिलं.

आता 2022 पासून प्रोटीनएमपीएनएन हे एआय टूल आहे, प्रोटीनचा आकार दिला की सेकंदांत सीक्वेन्स देतं, सगळे तेच वापरतात आणि वापरावंच. फक्त बाइंडिंगची, म्हणजे चिकटण्याची, जागा आधी लॉक करा, तिथली अमिनो आम्लं बदलू देऊ नका, कारण त्याला बॅकबोन, म्हणजे प्रोटीनचा सांगाडा, दिसतो, त्या प्रोटीनला पुढं कुणाला चिकटायचंय हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.