भरलेली टाकी

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरलेलं नाही. आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या प्रयोगशाळेत गाळ शिरला. दिवाळीनंतर आठवीला प्लावक बल, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं ते बल, शिकवायला घेतलं, तेव्हा धड चालणारे तानकाटे (वजन मोजायचे स्प्रिंगचे काटे) दोनच उरले होते.

नेहमीचे प्रयोग झाले. पाण्यात सोडलेल्या दगडाचं वजन कमी भरलं, मिठाच्या पाण्यात अंडं वर आलं. सालासकट संत्रं तरंगलं, सोललेलं तळाला गेलं. (ते नंतर कुणी खाल्लं, मी विचारलं नाही.) फळ्यावर ‘तरंगणारे’ आणि ‘बुडणारे’ असे दोन रकाने आखून मी म्हटलं, आता तुम्ही सांगा.

कर्नाळ रोडकडची एक मुलगी उठली. “सर, ग्यासची टाकी तरंगती. भरल्याली.”

वर्ग हसला. मीही हसलो, हे लिहायला लाज वाटते. “रिकामी असेल गं,” म्हणत मी ‘भरलेली टाकी’ बुडणाऱ्यांच्या रकान्यात लिहून टाकलं.

“न्हाई सर. पुरात आमच्या खोलीत तरंगत हुती, पप्पांनी खिडकीला बांधली. पाणी उतरल्यावर तीच लावली. म्हैनाभर पुरली.”

आता यावर काय बोलणार? रिकामी टाकी महिनाभर पुरत नाही.

मधल्या सुट्टीत खिचडीच्या मावशींकडे गेलो. सील न फोडलेली टाकी होती. कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन छापलेलं असतं, तिथे १५.८ होतं. आत गॅस १४.२ किलो. एकूण ३० किलो. घरगुती टाकीत पाणी भरलं तर ३३.३ लिटर मावतं. म्हणजे पत्र्याची जाडी सोडली तरी टाकी पूर्ण बुडताना ३३ किलोंहून जास्त पाणी, म्हणजे स्वतःच्या वजनाहून जास्त, बाजूला सारणार; मग ती बुडेल कशी? तिथेच मला कळलं की माझं चुकलंय. आतला द्रव गॅस पाण्याच्या निम्म्याहून थोडाच जड, आणि त्याच्या वर वाफेसाठी जागा मोकळी सोडलेली. ‘भरलेली’ या शब्दानं मला फसवलं होतं.

मुख्याध्यापिका बाई आधी नाहीच म्हणाल्या. मग टोपण घट्ट हवं, चूल विझलेली हवी आणि सगळं मैदानात, या अटींवर तयार झाल्या. निळ्या पिंपात पाणी घेऊन पातळीवर खडूची खूण केली. शिपाईमामांनी आणि मी टाकी अलगद सोडली. ती थोडी कलली, डुलली आणि कडं वर काढून तरंगत राहिली. पोरांनी असा काही गलका केला की दहावीचा वर्ग खिडक्यांत आला. एकेकाने दाबून पाहिली. दाबली की खाली जायची, सोडली की उसळून वर.

आता पाणी जिथवर चढलं होतं तिथे दुसरी खूण केली, टाकी बाहेर काढली आणि त्या खुणेपर्यंत लिटरच्या मापानं पाणी ओतलं. सगळा वर्ग मोठ्यानं मोजत होता. तिसावं माप ओतलं आणि पाणी खुणेला टेकलं. तीस किलोंची टाकी, तीस लिटर पाणी, म्हणजे तीसच किलो. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते. इतक्या वर्षांत आर्किमिडीजचं तत्त्व माझ्या हातून इतकं चोख कधी उतरलं नव्हतं.

वर्गात परत आलो तर ती मुलगी आधीच फळ्यापाशी उभी होती. माझी ओळ तळहातानं पुसून तिनं डावीकडच्या रकान्यात लिहिलं, ‘भरलेली टाकि’. मी वेलांटी दुरुस्त केली नाही.