उधारीचा उतार

रोड बाइक घ्यायची असं ठरवलं त्यानंतर पहिले तीन महिने मी सायकल चालवलीच नाही, नुसती बघितली. माझं मेडिकल आहे जळगावात, दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, उन्हाळ्यात तर कुत्रं पण फिरकत नाही, तेव्हा काउंटरवर मोबाइल उभा करून व्हिडिओ बघत बसायचो. ॲल्युमिनियम घ्यायची का कार्बन, रिम ब्रेक का डिस्क, टायर पंचवीसचा का अठ्ठावीसचा. आमचा हाताखालचा पोरगा एकदा म्हणाला पण, भाऊ, एवढ्यात तर सायकलने मुंबई गाठली असती.

त्या व्हिडिओंमध्ये सगळ्यात जास्त बोलणं वजनाचं. फ्रेम किती ग्रॅम, चाकं किती ग्रॅम. रेसिंगवाल्यांच्या जागतिक संघटनेचा नियम आहे म्हणे की सायकल ६.८ किलोच्या खाली नसावी, म्हणजे लोक एवढे हलक्याच्या मागे लागलेत की वरून दांडकं लावावं लागलं. आणि दुसरं बोलणं घाटाचं. व्हिडिओतला माणूस कायम कुठला तरी घाट चढत असतो, मागे धुकं, झाडी. मीही मग ठरवलं की आपल्याला चाळीसगावच्या पुढचा कन्नडचा घाट चढायचाय, जमलं तर शहाद्याकडून तोरणमाळ, तेव्हा गाडी हलकी पाहिजे आणि गिअर सोपे पाहिजेत. शेवटी दीड किलो हलकी मिळते म्हणून बजेटच्या वर वीस हजार घातले. शिमानोचा सोरा गिअर सेट, पुढची दोन चक्रं ५० आणि ३४ दात्यांची, मागे नऊ, त्यातलं मोठं ३२ दात्यांचं. पुढे ३४ मागे ३२ लावलं की पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची पण जेमतेम एकच फेरी, सव्वादोन मीटर. भिंत चढावी असा गिअर. दुकानदारानेही विचारलं नाही की राहता कुठे, आणि मीही सांगितलं नाही की घरापासून भुसावळपर्यंत रस्ता परातीसारखा सपाट आहे.

वजनाचं तर बोलूच नये. दीड किलोसाठी वीस हजार दिले त्या वर्षी दिवाळीत माझंच वजन तीन किलोने वाढलं होतं. वाकलं की पोट मांडीला लागायचं, म्हणून दुकानातच हँडल होतं तेवढं उंच करून घेतलं. खाली वळलेला जो बोकडाच्या शिंगांसारखा भाग असतो, ज्याला ड्रॉप म्हणतात आणि ज्याच्यामुळे रोड बाइक रोड बाइक दिसते, तिथे माझा हात पहिले चार महिने गेलाच नाही. शोभेला होता तो.

दुकान साडेनऊला उघडायचं असल्यामुळे माझं सायकलिंग पहाटेचं. पाचला निघायचं, नशिराबाद, कधी साकेगाव, फार तर भुसावळ, आणि साडेसातला घरी. ॲव्हरेज २४, २५. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला बरं वाटायला एवढं पुष्कळ होतं. त्यातच कुठेतरी ब्रेव्हेचं वाचलं, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आत लांबचा पल्ला सायकलने पुरा करायचा. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस, सहाशे चाळीस. एका सीझनला हे चारही केले की सुपर रँडोनर हा किताब. आणि ह्या सगळ्याचं पंढरपूर म्हणजे फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १८९१ पासूनची, आता दर चार वर्षांनी, बाराशे किलोमीटर नव्वद तासांत. मी लगेच मोबाइलवर भागाकार केला. दोनशे भागिले साडेतेरा म्हणजे ताशी पंधरा पण नाही! थांबे धरून! मी तर २५ ने जातो. कॅल्क्युलेटरवर मी तेव्हाच सुपर रँडोनर झालो होतो.

होळीनंतरच्या रविवारी मी आणि सर निघालो. सर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे मित्र, त्यांची हायब्रिड सायकल, जाड टायरची, माझ्या गाडीपेक्षा चांगली तीनेक किलो जड, त्यामुळे सरांना मध्ये मध्ये थांबून घ्यावं लागेल याची मी मनाशी तयारी ठेवली होती. बेत असा की जळगावहून सरळ पूर्वेला भुसावळ, वरणगाव, मुक्ताईनगर, खान्देशाची हद्द ओलांडून मलकापूर, आणि त्याच रस्त्याने परत. दोनशेला जे वीस-पंचवीस कमी पडतील ते मेहरूण तलावाला चकरा मारून भरायचे. खिशात एनर्जी जेलची चार पाकिटं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, रस्त्याच्या दोन्ही अंगाला केळीच केळी उभी, आणि मी शंभर रुपयाला एक जेलचं पाकीट घेऊन त्यातून चाललोय, याचं तेव्हा काही वाटलं नाही.

दीपनगरला उजाडलं. भुसावळच्या पुढे वीज केंद्राच्या त्या उंच चिमण्या आहेत ना, त्यांचा धूर अगदी सरळ वर चालला होता, उदबत्तीसारखा. मी थांबून फोटो काढला. मुक्ताईनगरला पोहे खाल्ले, तिथून चांगदेवला जाऊन आलो, तापी आणि पूर्णा मिळतात तिथलं ते जुनं देऊळ, घाटावर बसलो, सरांनी पाण्यात पाय सोडले, वेळ कसा गेला कळलं नाही. परत हायवेला लागलो तेव्हा दहा वाजत आले होते.

आणि मग जे काय झालं. मुक्ताईनगर सोडलं आणि गाडी पळायलाच लागली. २८, ३०, ३२, एका ठिकाणी ३४. धाप नाही, पाय दुखत नाहीत, कानाला वाऱ्याचा आवाजसुद्धा नाही, नुसती चेनची बारीक घरघर. मला वाटलं हेच ते, ज्याला लोक फॉर्म म्हणतात ते आलं. गाडी पण काय हलकी घेतलीय, वीस हजार वसूल. सर मागे पडले असतील म्हणून मान वळवली तर सर आरामात शेजारी, एका हाताने बाटली पीत. तेव्हा खरं तर शंका यायला पाहिजे होती.

मलकापूरला चहा पिऊन साडेअकराला सायकली वळवल्या आणि कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलावं तसं झालं. सोळा. जोर लावला, अठरा. दोन मिनिटांत परत चौदा. मी उतरून ब्रेक घासतोय का बघितलं, टायर दाबून बघितला. सर काही बोलले नाहीत, फक्त रस्त्याकडेच्या केळीकडे बोट केलं. सगळी पानं चिंध्या झालेली आणि सगळ्या चिंध्या एकाच दिशेला, आम्ही आता जिकडे चाललो होतो त्याच्या बरोबर उलट्या अंगाला, आडव्या.

आता नकाशा डोळ्यापुढे आणला तर शेंबड्या पोरालाही कळेल. वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर, मधून तापीचं खोरं पूर्व-पश्चिम लांबच लांब पन्हळासारखं पडलेलं. पन्हळाचं तोंड पश्चिमेला समुद्राकडे. तापी तिकडे जाते आणि उन्हाळा लागला की वारा तिच्या उलटा वर येतो. आणि आपला हायवे पण त्याच पन्हळातून, सुरत, धुळे, जळगाव, भुसावळ. म्हणजे वारा अंगावर आडवा येणार नाही, एक तर पाठीवर नाही तर थेट तोंडावर. पहाटे तो झोपलेला असतो, जमीन तापायला लागली की नऊ-दहाला उठतो. मी चार महिने रोज तो उठायच्या आत घरी यायचो आणि समजायचो की आपला रस्ता सोपा आहे. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांची एवढी रांग उभी आहे, ती काय फोटोसाठी लावली असेल का? तीन महिने व्हिडिओ बघितले, पण पवनचक्की उभारणाऱ्याने काय बघितलं असेल ते काही माझ्या डोक्यात आलं नाही.

बाकीचं सरांनी एका टपरीवर समजावलं. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. तू वीसने चाललास आणि समोरून वारा वीसचा असला तर हवेच्या हिशोबाने तू चाळीसने चाललायस, गाडी वीस दाखवू दे नाही तर काही दाखवू दे. आणि सपाटीवर वजनाचं फारसं काही नसतं, ते चढावर. सपाटीवर मोठा अडथळा सायकल नाही, वर बसलेला माणूस. असं म्हणून त्यांनी माझ्या उंच केलेल्या हँडलकडे आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप चहा पीत राहिलो. मला आमचे नाना आठवले. नशिराबादहून रोज जळगावला कामाला यायचे, काळी ॲटलास, आमच्या दोन सायकली मिळून होईल एवढी जड. वारा असला की दोन्ही कोपरं हँडलवर टेकवून, मान खाली घालून चालवायचे. आणि आता लक्षात आलं, नानांचं जाणं पश्चिमेला सकाळी, वारा पडलेला असताना, आणि येणं पूर्वेला संध्याकाळी, वारा पाठीवर. चाळीस वर्षं दोन्ही वेळा फुकट.

टपरीवर एक केळीवाले काका बसले होते, आमच्या हेल्मेटकडे बघत. म्हणाले, "जयगावले चालले का भो? आता?" मी म्हटलं हो. "दिवस बुडल्याशिवाय वारा पडत नाही बापा." मी म्हटलं तुम्हाला एवढं नक्की कसं माहीत, तर त्यांनी समोरच्या बागेच्या पश्चिमेच्या बांधावर उभं असलेलं पुरुष-दीड पुरुष उंच गवत दाखवलं. "ते गजराज काय हौस म्हून लावेल हाय का?" उन्हाळी वाऱ्यात पानं फाटतात, वादळ आलं तर घडासकट झाड आडवं होतं, म्हणून केळीवाला बाग लावतानाच पश्चिमेला गजराज नाही तर शेवरीची ताटी उभी करतो. मला वाटतं सायकलच्या दुकानात खरं म्हणजे ह्या काकांना बसवायला पाहिजे.

काकांनी चार केळी दिली, पैसे घेतले नाहीत. जेल खिशात गरम होऊन पडलं होतं ते तसंच राहिलं.

घाटाचं कसं असतं, माथा असतो. एक देऊळ असतं, तिथे लिंबू सरबतवाला असतो, आणि पुढे उतार. वाऱ्याला माथाच नाही. वरणगावच्या आधीपासून दीपनगरच्या चिमण्या दिसायला लागतात, वाटतं आलंच भुसावळ, आणि त्या तिथेच. अर्ध्या तासाने बघावं तर तिथेच. सकाळचा तो सरळ धूर आता आडवा होऊन माझ्याकडेच येत होता. उतार होता, नाही असं नाही, पण तो मी सकाळी मलकापूरपर्यंत आधीच वापरून टाकला होता, उधारीवर. दुकानात वही ठेवणाऱ्या माणसाला हे कळू नये! दुपारी दोनच्या उन्हात सपाट चौपदरी रस्त्यावर मी पुढे ३४ मागे ३२ लावलं, कन्नडच्या घाटासाठी घेतलेलं, आणि ताशी अकराने चालायला लागलो. हात आपोआप खाली ड्रॉपवर गेले. पोट दुमडलं, श्वास अडकला, पण काटा दोनने वर आला.

त्यात वरणगावला पंक्चर. कडेची वेडी बाभूळ. माझी ट्यूब बारीक व्हॉल्व्हची, पंक्चरवाल्याचा पंप बसेना, आठ आण्याएवढा पितळी अडॅप्टर असतो तो मी घरी ठेवलेला, हातपंपाने तीनशे झटके मारले. ते जाऊ द्या.

वाचवलं ते एका ट्रॅक्टरने. दादर ज्वारीचा कडबा भरलेली ट्रॉली, दुमजली घराएवढी, वीस-बावीसने चाललेली. सर म्हणाले, मागे लाग. त्या ट्रॉलीच्या मागे गेलो आणि आवाजच बंद झाला, देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखं. तोंडात कडबा, डोळ्यात कडबा, पण काट्यावर एकवीस आणि पाय हलके. शहाणपणाचं काम नाही हे, त्याने करकचून ब्रेक मारला असता तर आम्ही दोघं कडब्यातच, पण तेव्हा शहाणपण मलकापूरलाच राहिलं होतं. पाच-सहा किलोमीटर असे गेलो आणि तो एका शेतात वळला. इतकं वाईट तर मला पोरीला हॉस्टेलला सोडतानाही वाटलं नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. "सर, म्हणजे दुसऱ्याच्या मागे राहिलं तर वाचतं?" सर म्हणाले, चिकटून राहिलं तर पाव हिस्सा मेहनत तरी वाचते. मी म्हटलं, मग मलकापूरपासून तुम्ही माझ्या मागे... सर चष्मा पुसायला लागले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि वारा पडला होता. मेहरूण तलावाचं नाव कोणीच काढलं नाही.

आता मी हँडल खाली करून घेतलंय, वाकायला जमतं थोडं थोडं. आणि लांब जायचं तर पहाटे पश्चिमेला जायचं, हे ठरलं. परवाच्या रविवारी बांभोरीच्या पुलावरून गिरणा ओलांडली, पाळधी, एरंडोल, पद्मालयाच्या गणपतीला पाया पडलो, कमळाच्या तळ्याशी बसलो, मुद्दाम दहा वाजू दिले, आणि पूर्वेला तोंड केलं. सगळं माहीत होतं. कोण ढकलतंय, का ढकलतंय, पन्हळ, समुद्र, गजराज, सगळं. तरी पाळधीच्या अलीकडे काट्यावर ३३ दिसले आणि मनात आलंच, पाय जमले बुवा आता आपले.

घरी येऊन बायकोला सांगितलं, आज येताना ॲव्हरेज २९ चा पडला. ती गच्चीवरून बादली घेऊन खाली येत होती.

"असेल," ती म्हणाली. "सकाळपासून दोनदा चादर शेजारच्यांच्या गच्चीवर गेलीय. जा, आता तिसऱ्यांदा तुम्ही मागून आणा."