अकरा सीपीयू आणि एक खोडरबर

भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला आणि मला राहवेना. मरोळच्या आमच्या ऑफिसात जिन्याखाली अकरा सीपीयू एकावर एक रचून ठेवले होते. काही कधीपासूनच बंद होते. बाकीची १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून निघाली. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आमची बहुतेक चौथ्या पिढीची. त्यातल्या एकावर मी सहा वर्षं पगारपत्रकं केली होती. साहेबांना म्हटलं, "आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेला द्याल का?"

साहेबांनी दोन अटी घातल्या: मंडळाच्या लेटरहेडवर पोचपावती, आणि हार्ड डिस्क मिळणार नाहीत. डिस्क काढून त्यांना ड्रिलने भोकं पाडली. मला ते पटलंच. लोकांचे पॅन नंबर होते त्यात.

ऑफिसचं हार्डवेअर बघणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, निम्मी डेड आहेत. तुमचे रविवार फुकट जातील." तीनचाकी टेम्पो लिंक रोडनं विक्रोळीला कन्नमवार नगरात आला, तेव्हा आमच्या ह्यांनी एकच विचारलं, "झोपायचं कुठे आपण?" मंडळाचे खजिनदार म्हणाले, "वहिनी, आधी एक चालवून दाखवा, मग पैशाचं बोलू." कोणी वाईट बोललं नाही. पण विश्वास कोणाचाच नव्हता, आणि ते मला लागलं.

मी हार्डवेअर शिकलेली नाही. कॉमर्सची. पण हिशेबात फरक आला की सगळा ताळेबंद चुकीचा ठरवत नाही, एकेक नोंद टिक करत जातो. इथेही तेच केलं.

पहिला रविवार गच्चीवर धूळ काढण्यात गेला. रंगाचा ब्रश, ब्लोअर, तोंडाला ओढणी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. आत धुळीचे अक्षरशः नमदे होते.

मग लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोडला उतरून कोणीही तसं विचारत नाही. तिथून मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाला लावायचा बारीक स्पीकर, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मशीनच्या घड्याळाचे सीआर२०३२ बटण सेल घेतले. या सगळ्यात कामाचा ठरला तो स्पीकर. मशीनमधून रॅम, म्हणजे कामापुरत्या मेमरीची पट्टी, पूर्ण काढायची, स्पीकर लावायचा आणि चालू करायचं. बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत असतील तर रॅम नाही म्हणून मशीन बीप देतं. म्हणजे ओरडलं तर चांगलं, गप्प बसलं तर काळजी.

अकरापैकी सहा ओरडली. त्या संध्याकाळी मी हे कोणालाच सांगितलं नाही, मनातच ठेवलं.

त्या सहांतल्या तिघांना तर नुसती रॅमच नडत होती. मुंबईच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो आणि संपर्क नीट होत नाही. मुलीच्या कंपासमधला खोडरबर घेऊन पट्टी हलक्या हातानं घासली, चुरा झटकला, अल्कोहोलनं पुसलं, क्लिप टक् वाजेपर्यंत बसवलं. स्क्रीन आली! एका मशीनचं घड्याळ सारखं मागे जायचं. तारीख चुकीची असली की ब्राउझर सुरक्षित साइटही उघडू देत नाही. सेल तीन व्होल्टचा, मीटरवर दोनही भरेना. नवा घातला, झालं. आणखी एक दहा मिनिटांत बंद व्हायचं, कारण प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती.

उरलेल्या पाचांनी खरी परीक्षा पाहिली. दोघांचे पंखेच फिरेनात. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बाहेर काढून, चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर क्लिपनं जोडली की तो एकटा सुरू व्हायला हवा. दोन्ही मुके. एसएमपीएसचा डबा मात्र मी उघडला नाही, तुम्हीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जबर झटका शिल्लक असतो. दुसऱ्या मशीनचा लावून पाहिल्यावर एक उठलं, दुसऱ्याचा बोर्डच गेला होता.

तिसरं सगळ्यात जुनं, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचं. बोर्डावरचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. शेजारचे काका गोदीत इलेक्ट्रिशियन होते. "याला आता कशाला हात लावतेस?" म्हणत म्हणत त्यांनीच सोल्डरिंग आयर्न काढलं. नव्या कपॅसिटरची क्षमता, म्हणजे मायक्रोफॅरड, तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि पट्टीची बाजू ऋण, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. काकांचा हात या वयातही थरथरला नाही. मशीन चालू झालं.

चौथं माझ्या हातून गेलं. प्रोसेसर परत बसवताना तिरका टेकला आणि सॉकेटमधल्या केसासारख्या पिना वाकल्या. सुईनं सरळ करताना एक तुटली. त्या रात्री जेवण गेलं नाही. पाचवं शेवटपर्यंत बोललंच नाही.

पण गेलेल्या तिघांची रॅम इतरांत गेली, म्हणून तीन मशीनांत चारऐवजी आठ जीबी झाली. विंडोजऐवजी वापरायचं फुकटचं लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, डिस्कशिवायसुद्धा चालतं. तसं एक मशीन मी मंडळाच्या खोलीत नेलं आणि खजिनदारांसमोर मराठीत टाइप करून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. मग वही काढली, गणपतीच्या वर्गणीतून किती शिल्लक आहे ते पाहिलं आणि हार्ड डिस्कच्या जागी लावायच्या सात एसएसडींचे पैसे मंजूर केले. मॉनिटर पाच ऑफिसनं दिले, दोन कन्नमवार नगरातून जमले.

आता अभ्यासिकेत सात मशीनं चालू आहेत. लिपिक-टंकलेखकाची तयारी करणारी मुलं संध्याकाळी नंबर लावून बसतात. मराठीला मिनिटाला तीस शब्द लागतात आणि त्यासाठी रोज कीबोर्ड हाताखाली हवा. घरी कोणाकडे तो नाही. मी स्वतः टायपिंग शिकले ते क्लासच्या खडखडणाऱ्या टाइपरायटरवर, उसन्या फीवर. त्या खोलीतला कीबोर्डचा आवाज ऐकायला मी मुद्दाम जिन्यात थांबते.

मेलेले तीन बोर्ड आणि दोन एसएमपीएस मी भंगारवाल्याला दिले नाहीत. तांब्यासाठी वायरी जाळतात, त्याचा धूर शेजारच्या पोरांच्याच नाकात जातो. नोंदणी असलेल्या ई-कचरा संकलनाकडे दिले, पावती घेतली.

आठवं मशीन अजून आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडं पडलंय. चालतं, पण मधेच आपोआप रिस्टार्ट होतं. रॅम बदलून पाहिली, पेस्ट नवी लावली. काल रात्री ह्यांनी ताट सरकवून विचारलं, "एसएमपीएस बदलून पाहिलास का?" येत्या रविवारी तेच करणार आहे.