पाठवणाऱ्याचं नाव

मोजे पोचले, सँडल पोचल्या, आतल्या चड्ड्यासुद्धा पोचल्या. पाठवणाऱ्याचं नाव तेवढं गेलं. विंडोलांडा या उत्तर इंग्लंडमधल्या रोमन किल्ल्याहून परतल्यापासून डोक्यात तेच चाललंय.

रोमन सम्राट हेड्रियनची भिंत इ.स. १२२च्या सुमारास बांधायला घेतली. हा किल्ला तिच्याही आधीचा, भिंतीच्या दक्षिणेला मैलभर. सईला मात्र हाउसस्टेड्स या भिंतीवरच्या दुसऱ्या रोमन किल्ल्यातले संडास बघायचे होते, म्हणून आधी तिकडे. पार्किंगपासून चांगलाच चढ आहे. किल्ला उतारावर असल्यामुळे संडास मुद्दाम खालच्या, आग्नेय कोपऱ्यात काढलेत. टाक्यांत साठलेलं पावसाचं पाणी सोडलं की खोल गटारातून सगळं तटाबाहेर. बसायच्या फळ्या कधीच कुजल्या. वाऱ्यापुढे फार वेळ उभं राहवेना. असो.

इथे फळ्या कुजल्या, आणि विंडोलांडात पोस्टकार्डाएवढ्या, एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या, शाईने पत्रं लिहिलेल्या लाकडी पट्ट्या टिकल्या. जुना किल्ला पाडून त्यावर माती आणि गवताची ढेपं अंथरायची, मग नवा उभारायचा, अशी तिथली रीत. खालच्या ओल्या थरात हवा शिरली नाही, त्यामुळे कुजवणारे जंतू जगले नाहीत. १९७३मध्ये पहिल्या पट्ट्या निघाल्या. हवा लागली की लाकूड काळं पडतं आणि अक्षरं दिसेनाशी होतात. इन्फ्रारेड फोटोत काजळीची शाई पुन्हा उठते.

त्यातल्या, मोजे पाठवल्याच्या पत्राचा नुसता तुकडा उरलाय. सँडल, चड्ड्यांच्या दोन जोड्या, मग एल्पिस, टेट्रिकस आणि बराकीतल्या सगळ्या सोबत्यांना नमस्कार. ज्यांना नमस्कार सांगितला त्यांची नावं राहिली. वाढदिवसाला मैत्रिणीला बोलावणाऱ्या क्लॉडिया सेवेराचंही नाव राहिलं. ती अधिकाऱ्याची बायको. मोजे पाठवणारीचं मात्र नाही. पाठवणारी कशावरून, पाठवणाराही असेल. पण मला तिथे आईच दिसत राहते. आणि आईला या महिन्यात... ते नकोच.

करणाऱ्यांची नावं कुठे राहतात, असं म्हणत गाडीत बराच वेळ हळहळत बसले. सईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, निदान चड्ड्यांचा हिशोब तरी लागलाय ना! खरंय. आईच्या पार्सलवर कस्टम्सचा कागद चिकटवलेला असतो: भाजणी १ किलो, लोकरीचे मोजे २ जोड. पाठवणाऱ्याच्या रकान्यात मात्र कुरियरवाल्याने दरवेळी बाबांचं नाव घातलेलं.