दिवा ॲमस्टरडॅमचा, काठ भांडी बाजाराचा

ॲमस्टरडॅमच्या न्यूमार्क्ट चौकात दे वाख नावाची इमारत आहे. १४८८ साली बांधलेली ही शहराची जुनी वेस. २००७ मध्ये इथे फॅबलॅब, म्हणजे सगळ्यांसाठी खुली कार्यशाळा, सुरू झाली. लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर अशी यंत्रं ठेवलेली. या, शिका, हवं ते बनवा. बदल्यात एकच अपेक्षा, जे केलं ते कसं केलं हे पुढच्यासाठी लिहून ठेवा.

मला एक दिवा करायचा होता. खाली नाशिकची पितळी वाटी, वर लाकडी जाळी, जाळीवर तिथल्याच जुन्या सरकारवाड्याच्या खांबांसारखी नक्षी. वाटलं, चित्र काढलं की उरलेलं यंत्र करेल. पण लेझर कापताना स्वतःच थोडं लाकूड जाळतो, म्हणून खाच आराखड्यात किंचित अरुंद ठेवावी लागते. हे मला सांगितलं शेजारी काम करणाऱ्या एका निवृत्त सुताराने. एलईडीचं सर्किट एका विद्यार्थिनीने जुळवून दिलं. (मदत इथे मनापासून करतात, पण आधी डायरी उघडून तारीख ठरवतात. त्याची सवय मला अजून नाही.)

पितळेपाशी मात्र सगळे अडले. तिथला लेझर लाकूड आणि ॲक्रिलिक कापतो; पितळ त्याचा किरण परतवून लावतं. शेवटी बाबा नाशिकच्या भांडी बाजारात एका तांबटकाकांकडे गेले आणि मला व्हिडिओ कॉल लावला. काका म्हणाले, "ताई, भोक कुठे पाडायचं तेवढं सांगा, कशाला ते राहू द्या." तरी मी आराखडा दाखवला. ते थांबले. "यातून वायर जाणार? मग नुसतं भोक नको. काठ आत वळवून देतो, नाहीतर रोज घासून वायर कापली जाईल." फॅबलॅबमध्ये हे कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

आपल्याकडे एकहाती निर्मितीचं भारी कौतुक. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचंच घ्या. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' म्हटलं की एकट्याची जिद्द आठवते. फिल्मला छिद्रं पाडणाऱ्या आणि अख्ख्या चमूचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई नंतर, आठवल्याच तर. आणि आता तर एका दिव्यालाही लाकूड, धातू, सर्किट, कोड लागतो. एवढं सगळं एकाच डोक्यात कसं मावणार?

फॅबलॅब म्हणजे गोऱ्यांची चैन असंही समजू नका. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या बाहेरची पहिली फॅबलॅब २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात उभी राहिली. नाशिकनेही हे करून पाहिलंय. २०१५ च्या कुंभाआधी मूळचे नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन झालं, म्हणजे कुंभमेळ्यातल्या अडचणींवर एकत्र बसून उपाय शोधायचा उपक्रम. त्यातून पावलांच्या दाबावरून माणसं मोजणारी चटई तयार झाली, तीही शाळकरी वयाच्या मुलाच्या कल्पनेतून.

माणसं नाशिकात आहेतच. अंबड-सातपूरला लेथवर हात बसलेले टर्नर, कॉलेजात सर्किटं जोडणारी पोरं, येवल्यात पैठणीचे विणकर. पण टर्नरला विणकर माहीत नाही, आणि पोरांना भांडी बाजार फक्त दिवाळीच्या खरेदीपुरता. २०२७ च्या कुंभासाठी कुणी पुन्हा असं काही मांडणार असेल, तर तांबटकाकांना आराखडा काढायच्या दिवशीच बोलवा. सगळं ठरल्यावर भोक पाडायला नको.