कानाला हात

परवा दुपारी फिजिओथेरपीच्या खोलीत त्या मुलीने सहज सांगितलं, “काका, आता डोक्यावरून हात न्या आणि पलीकडच्या कानाला लावून दाखवा.” पाणी द्या म्हणावं इतकं सहज. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत कुलरची घरघर, शेजारच्या पलंगावर एक आजी गुडघा वाकवता वाकवता सगळ्या देवांना नावानिशी हाका मारत होत्या. मी उजवा हात उचलला. तो कपाळापर्यंत आला, टाळूवर टेकला आणि घाटात एसटी बंद पडावी तसा तिथेच बसला. डावा कान अजून चार बोटं लांब. मला हसू आलं.

“काय झालं काका?”

“काही नाही. या परीक्षेत मी आधी एकदा नापास झालोय.”

तिला कळायचं कारण नाही. ती पंचवीसेक वर्षांची, जन्माचा दाखला लॅमिनेट केलेली पिढी. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, आम्ही त्याच्या आधीचे. पोलीस पाटलाच्या वहीत काही नोंद असेलही, पण ती बघायला कोण जातंय. माणदेशातलं आमचं गाव, शाळा जिल्हा परिषदेची, पण इमारत नव्हती म्हणून मारुतीच्या देवळात भरायची. आजीने मला आणि चुलतभावाला, बापूला, एकाच दिवशी दोन बाजूंना धरून नेलं. गुरुजींनी जन्मतारीख विचारली तेव्हा तिने सांगितलं, “बेंदराच्या आगंमागं. म्हस व्याली त्या साली.” गुरुजींनी टाक खाली ठेवला आणि आम्हाला उभं केलं. डोक्यावरून हात, पलीकडचा कान. लागला तर सहा वर्षं पुरी, नाही लागला तर घरी.

बापू माझ्याहून चारेक महिन्यांनी लहान, पण अंगाने शेवग्याची शेंग. त्याचा हात कानाला लागून वर गालाशी खेळायला लागला. माझी बोटं कानावरच्या केसांपाशी अडकली. आजी हळूच म्हणाली, “वाईच मान वाकडी कर की रं.” मी केली. गुरुजी डोळे वर न करता म्हणाले, “मान सरळ.” मग आजीने सरळ वादच घातला, “आवो, हात हाय की लांब! डोस्कं मोठं हाय पोराचं!” शास्त्र बघायला गेलं तर आजीचंच खरं होतं. जन्मतः माणसाचं डोकं अंगाच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं, मोठेपणी साधारण आठवा. मधल्या काळात डोकं मागे पडतं आणि हात पुढे जातात, त्या भरवशावर तर ती परीक्षा चालायची. पण गुरुजींना ते सांगणार कोण. “पुढच्या वर्षी आणा,” एवढंच बोलून त्यांनी पुढच्या पोराला हाक मारली.

पुढचं वर्षभर आजी न्हाणीत मला तेल लावताना दोन्ही दंड धरून ओढायची. हात लांब व्हावेत म्हणून. एरंडेलाचा तो वास, चुलवणाचा धूर, आणि तिचं “आं, आजून वाईच, आजून वाईच.” आता ही मुलगी माझं कोपर धरून वर ढकलते आणि म्हणते, “अजून थोडं काका, अजून थोडं.” फक्त तेल नाही, आणि पैसे दर खेपेला द्यावे लागतात.

दुसऱ्या वर्षी हात लागला. गुरुजींनी वहीत लिहिलं: १ जून. बापूचीही १ जून, आदल्या सालची. वर्गात निम्म्याहून जास्त पोरं १ जूनची होती. महाराष्ट्रात माझ्या वयाच्या कुणालाही वाढदिवस विचारा. तेव्हापासून कागदावर बापू माझ्याहून एक वर्षाने मोठा आहे आणि ते तो विसरू देत नाही. त्याची जुनी पुस्तकं मी वापरली, त्याच्या मागून नोकरीला लागलो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणजे आम्ही १ जूनवाले सगळे ३१ मेला. बापूच्या निवृत्तीनंतर बरोबर वर्षाने आमच्या कार्यालयात एका संध्याकाळी इतके जण सुटलो की शाली कमी पडल्या. मला मिळाली ती कुणाच्या तरी सत्कारातली जुनी असावी, घडीवर पिवळी रेघ होती. ती अजून आहे. ऑपरेशननंतर खांद्यावर पांघरायला तीच कामाला आली.

हे ऑपरेशनचं राहिलंच.

फेब्रुवारीत पंखा पुसायला स्टुलावर चढलो. ही खालून म्हणत होती, “बाई येईल उद्या, तिचा मुलगा पुसेल, उतरा.” उतरलो, पण एकदम. दंडाचं हाड वरच्या गोळ्याच्या जरा खाली मोडलं. डॉक्टरांनी चहाची बशी हातात घेऊन समजावलं. ते म्हणाले, गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. खुबा म्हणजे वाटीत बसवलेला लाडू. आणि खांदा म्हणजे या बशीत ठेवलेला लाडू. बशी उथळ म्हणून तर हात चौफेर फिरतो, अंगात एवढा फिरणारा दुसरा सांधा नाही. आणि उथळ म्हणूनच तो निसटतो पटकन, नुसता ठेवला तर आखडतोही पटकन. मग त्यांनी टायटॅनियमची पट्टी आणि सात स्क्रू घालून लाडू जागेवर बसवला. एक्स-रेमध्ये ती पट्टी बघितली तर जुन्या दाराला सुताराने मारावी तशी. मोठ्या शस्त्रक्रियेचं काहीतरी भव्य दिसेल असं वाटलं होतं.

पुन्हा स्टुलावर चढणार नाही म्हणून कानाला हात लावायचा, तर तोही लागत नाही, अशी आमची गत.

दवाखान्यात भरती होताना खिडकीतल्या मुलाने आधार कार्ड बघून तारीख टाइप केली आणि मान वर करून म्हणाला, “सकाळपासून तुम्ही तिसरे, १ जूनवाले.” बरं वाटलं. आपलीच माणसं आत असतील.

भुलीच्या डॉक्टरांनी आधी मानेत इंजेक्शन देऊन हात झोपवला आणि मग मला. मी दुपारीच जागा झालो, हात नाही. रात्री दोनच्या सुमाराला पोटावर काहीतरी जड, कोमट पडलंय असं वाटून मी डाव्या हाताने चाचपलं. बोटं होती. नखं होती. कुणीतरी शेजारी येऊन झोपलंय आणि त्याने हात माझ्यावर टाकलाय, अशी माझी खात्री पटली. मी तो उचलून बाजूला ठेवायला लागलो तेव्हा अंगठी लागली. माझीच. अनामिकेतली निघाली नव्हती म्हणून चिकटपट्टीने गुंडाळलेली. तो अर्धा क्षण मला अजून नीट सांगता येत नाही. मी माझा हात हातात धरून बसलो होतो आणि त्याला काही कळत नव्हतं. त्यातच उजवी पापणी अर्धी मिटलेली आणि आवाज बसलेला. ही घाबरून नर्सला बोलवायला धावली. मानेतल्या इंजेक्शनाने असं होतं, औषध उतरलं की जातं, असं नर्सने सांगितलं. पहाटे पापणी उघडली आणि त्याच्याबरोबर हातही उघडला. मग मात्र मला तो परका वाटला नाही. ओरडून ओरडून ओळख सांगत होता.

त्यानंतरचे सहा आठवडे हात झोळीत. झोपायचं पाठीला चार उशा लावून, आरामखुर्चीत बसल्यासारखं. उशा रात्रीतून एकेक करून निसटायच्या. शर्टाचा नियम असा की घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. म्हणजे रुसलेल्या व्याह्यासारखा, सगळ्यांत आधी बसवायचा आणि सगळ्यांत शेवटी उठवायचा. शर्टाची बटणं ही लावायची. पायजम्याच्या नाडीऐवजी इलॅस्टिक आलं, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात आपण नाडीला किती मानाने वागवत होतो ते समजलं. डाव्या हाताने भाकरी मोडता येत नाही. मोडते, पण ताटाबाहेर.

भेटायला येणारे लोक आपापली हाडं घेऊन यायचे. कुणाचा मनगटाचा, कुणाच्या मेहुण्याचा मांडीचा, एकाचा तर बैलाचा पाय. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप लावा, कांडवेल खा, पायाचं सूप प्या. मेव्हणीने मार्चच्या उन्हात डिंकाचे लाडू करून पाठवले. लाडू बघितला की मला डॉक्टरांची बशी आठवायची, तरी मी दोन-दोन खात होतो.

पाडव्याला गुढी शेजारच्या मुलाने उभारली. मी खाली खुर्चीवर बसून “थोडी डावीकडे, थोडी डावीकडे” करत राहिलो. ती सरळच होती.

त्याच आठवड्यात गल्लीतले बर्गे आण्णा गेले. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसायचो आम्ही, फारसं न बोलता. तिरडी उचलायची वेळ झाली आणि माझी पावलं आपोआप पुढे गेली. या वयात ती सवयच होते. कुणीतरी छातीला हात लावून थांबवलं, “काका, तुम्ही नको.” डावा खांदा धड होता, पण ते म्हणत बसायची ती वेळ नव्हती. खांदेकऱ्यांतल्या एका पोराने जाता जाता आपला मोबाइल आणि चष्मा माझ्या डाव्या हातात कोंबला. नदीपर्यंत मी ते धरून मागून चालत गेलो. मोबाइल तीनदा वाजला. तिन्ही वेळा ‘गॅसवाला’. बंद कसा करायचा ते एका हाताने जमेना, तेव्हा शालीत गुंडाळून पोटाशी धरला. आण्णांना मी खांदा दिला नाही. दिला असता तर त्यांनाही तो फारसा भरवशाचा वाटला नसता म्हणा.

झोळी सुटल्यावर व्यायाम सुरू झाले. आधी वाकून हात सोंडेसारखा लोंबता सोडायचा आणि अंगाच्या हेलकाव्याने फिरवायचा. मग दाराला कप्पी लावून दोरीने, धडक्या हाताने दुखऱ्या हाताला वर ओढायचं. विहिरीवर पाणी शेंदल्यासारखं, फक्त बादलीच्या जागी आपण. आणि भिंत. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी कोळ्यासारखं वर वर चालत जायचं, जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण. ती मुलगी मोठ्या कोनमापकाने मोजते आणि कार्डावर अंश लिहिते: नव्वद, एकशे पाच, एकशे वीस. मला त्या आकड्यांचं काही कळत नाही. माझं मोजमाप स्वयंपाकघरात आहे. एप्रिलच्या सुरुवातीला चहाचा डबा आला. मग मीठ. मग पोह्यांचा डबा, पण रिकामा असेल तर. देव्हारा मागच्या सोमवारी आला, निरांजन मात्र ही लावते. माळ्याचं नाव घरात काढायचं नाही असा ठराव झालाय.

भिंतीवरच्या खुणा आता चांगल्या ओळीत दिसतात. नात सुट्टीला आली तेव्हा तिने त्या बघितल्या, शेजारी पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “माझी पण काढा, आजोबा.” काढली. तिची उंची आणि माझा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातला हात एकाच रेघेवर आहेत. रंगारी आला की जाईल सगळं.

तर परवा फिजिओथेरपीहून घरी आल्यावर मी बापूला फोन लावला. तो गावीच असतो. मळ्यात होता, मागे मोटारीचा आवाज. त्याला म्हटलं, “बापू, एक काम कर. डोक्यावरून हात ने आणि पलीकडच्या कानाला लाव.”

“आत्ता?”

“आत्ता.”

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग थोडी खुडबूड, एक कण्हल्यासारखा हुंकार. मग फोन उचलून तो विजयाने ओरडला, “लागला की! एका झटक्यात! तुझा तवा बी लागत नव्हता. डोस्कंच मोठं हाय तुझं!”

“मान सरळ ठेवून?” मी विचारलं.

पलीकडे बराच वेळ नुसती मोटार चालू होती.

“वळवाचं आभाळ हाय का रं तिकडं?” बापू म्हणाला.